कानबाईचा पाट

माझी मुलगी चेन्नईला नोकरीला आहे. गेल्या हिवाळ्यात मी तिच्याकडे गेले, तेव्हा तिने मला शहराबाहेरच्या लांबलचक वाळूच्या किनाऱ्यावर नेलं. तिथे तासाच्या भाड्याने रंगीत फळ्या मिळतात, आणि एक सावळी, दणकट बाई त्या फळीवर पडून लाटेवरून कसं घसरत यायचं ते शिकवते. त्याला सर्फिंग म्हणतात एवढं मला ठाऊक होतं, टीव्हीवर पाहिलं होतं. माझ्या मुलीने आधी कोरड्या वाळूत फळी ठेवून पोटावर झोपायची तालीम केली, मग ऐटीत पाण्यात शिरली. पहिल्याच लाटेला फळीचं नाक पाण्यात घुसलं आणि ही तोंडावर आपटली. दुसऱ्या लाटेलाही तेच. तिसऱ्या वेळी मला राहवेना. मी छत्रीखालून ओरडले, "अगं, मागे सरक! भार मागे घे, नाक वर येऊ दे!" ती शिकवणारी बाई वळून माझ्याकडे बघायलाच लागली. मुलगी खोकत, हसत काठावर आली आणि म्हणाली, "आई, तू कशाला शिकवतेस? तुझ्या खानदेशात कुठे आलाय समुद्र?" खरं आहे, समुद्र नव्हता. मी गप्प बसले. गप्प बसण्याचा मला चांगला सराव आहे, आणि तो कसा झाला तेच इथे लिहून ठेवायचं आहे.

आमचं गाव गिरणेच्या काठी, जळगावपासून सायकलवर पाऊण तासाच्या अंतरावर. घर सुताराचं. पुढच्या ओसरीत आबांचं काम चाले, मागे स्वयंपाकघर, त्यामागे पडवी आणि लाकडांचा ढीग. वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. पहाटे जाग यायची ती त्यांच्या रंध्याच्या आवाजाने, आणि झोपेतच मला कळायचं की आज रंध्याखाली साग आहे की बाभूळ. सागावर रंधा सळसळत जातो, बाभळीवर कुरकुरतो. माय ढलप्यांवर चूल पेटवायची, त्यामुळे आमच्या कळण्याच्या भाकरीलाही लाकडाचा वास असे. भाकरी, मिरच्यांचा ठेचा, कधी फुणके आणि कढी. आबा जेवतानाही तयार होत असलेल्या दाराकडे बघत जेवायचे आणि मध्येच घास हातात धरून उठायचे, पाटी बरोबर बसली नाही म्हणून. मायने कितीदा कपाळावर हात मारून घेतला असेल. घरावर सत्ता मात्र ना आबांची होती ना मायची. ती होती अक्कांची. अक्का म्हणजे आबांची थोरली बहीण, लवकर विधवा होऊन माहेरी आलेली. देवाधर्माचं, सोवळ्याओवळ्याचं, कोण कुठे बसेल आणि कोण काय शिवेल याचं सगळं कायदेपुस्तक त्यांच्या डोक्यात होतं, आणि त्यात दुरुस्तीला वाव नव्हता.

आम्ही भावंडं दोघंच. दिलीप माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. देखणा, गोड बोलणारा, अक्कांचा जीव की प्राण. लहानपणी तो विहिरीत पडला होता आणि कोणीतरी केसांना धरून त्याला बाहेर काढलं होतं. तेव्हापासून गुडघ्याच्या वर पाणी आलं की त्याचे ओठ पांढरे पडायचे. ही गोष्ट त्याने सगळ्या जगापासून लपवली होती, फक्त माझ्यापासून ती लपवता आली नाही. मला मात्र पाण्याचं वेड. माय धुणं धुवायला नदीवर जाई तेव्हा तिच्या पाठोपाठ जाऊन मी पोहायला शिकले, कोणी शिकवलं असं नाही. आठवीत जाईपर्यंत मला कोणी अडवलं नाही. मग एके दिवशी अक्कांना अचानक दिसलं की मी वाढले आहे. "पोरीनी जात, नदीवर काय काम शे तुनं?" एवढं एकच वाक्य, आणि माझी नदी बंद झाली. म्हणून मग मी गावचा घाट सोडून खाली, बाभळींच्या वळणापलीकडे जाऊ लागले.

त्या वळणापलीकडे जे होतं ते आज सांगून कोणाला पटत नाही. गावाच्या वरच्या अंगाला एक बुटका दगडी बंधारा होता. पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडले की पाणी बंधाऱ्यावरून कोसळायचं, आणि खाली, जिथे नदीचं पात्र पसरट होऊन सगळी वाळूच वाळू होती, तिथे त्याच्या लाटा उभ्या राहायच्या. उभ्या म्हणजे खरोखरच उभ्या. समुद्राची लाट चालत येते. आमची लाट एका जागी थांबायची आणि पाणी तिच्याखालून पळत राहायचं. एकामागे एक सहा-सात उंचवटे, गढूळ, चमकते, शेवटच्याच्या माथ्यावर फेस. आम्ही त्यांना घोडे म्हणायचो. तळाची वाळू सरकली की घोडे जागा बदलायचे, कधी मध्येच मोडून पडायचे आणि बघता बघता पुन्हा उठायचे. गावातली माणसं तिथे फिरकत नसत, भोवरा आहे म्हणून. मी मात्र दिलीपची जुनी अर्धी चड्डी आणि शर्ट घालून तिथे तासन्‌तास असायची. राखण करायला दिलीपला काठावर बसवायची. पायांचे तळवेसुद्धा ओले न करता तो बसायचा आणि दर पाच मिनिटांनी म्हणायचा, "मंदे, बस व्हयनं आते, चाल घर."

सुरुवातीला मी केळीच्या खांबावर पोट टेकून जायची, पण खांब गोल, तो फिरायचा आणि मला खाली घ्यायचा. मग आबांच्या ढिगातून एक सागाची फळी लांबवली, एका मोडक्या बैलगाडीची. तिचं टोक चौकोनी होतं, ते पाण्यात घुसायचं, अगदी परवा माझ्या लेकीचं घुसलं तसंच. आबा बाजाराला गेले असताना मी रंधा घेऊन ते टोक खालून तासलं, वाकडंतिकडं, हाताला फोड येईपर्यंत. आता फळी पाण्यावर चढली. प्रवाहाकडे तोंड करून पालथं पडायचं, हातांनी पाणी मारत घोड्याच्या उतारावर यायचं आणि मग भार नेमका मध्ये ठेवायचा. तो नेमका जमला की सगळं थांबतं. पाणी खालून धावतंय, काठावरच्या बाभळी जागच्या जागी आहेत आणि आपणही जागच्या जागी, नदीच्या पाठीवर. कानात फक्त एक घरघर. मला आयुष्यात पुष्कळ गोष्टी मिळाल्या, नवरा चांगला मिळाला, मुलगी शिकली, पण तसं पुन्हा कधीच वाटलं नाही. हे लिहिताना लाज वाटायला हवी, ती वाटत नाही.

आबांना कळलंच. ज्याने जन्मभर लाकूड ओळखलं त्याला आपल्या ढिगातली फळी गेलेली कळणार नाही का. एका सकाळी पाहते तो माझी लपवलेली फळी ओसरीत आडवी, आणि आबा तिच्या टोकावर बोट फिरवताहेत. मी मार खायच्या तयारीने उभी राहिले. आबा म्हणाले, "नाक आखो जरासं वर पाह्यजे." एवढंच बोलून त्यांनी लाकूड तासायचा वाकस उचलला. त्या दिवशी एका पाटलाच्या दाराचं काम त्यांनी बाजूला ठेवलं. टोक खालून नीट वळवलं, कडा गोल केल्या, आणि मग जवसाचं तेल कापडाच्या बोळ्याने घासत बसले, तीन दिवस, थरावर थर, हात ठेवला तर घसरावा असं. कशासाठी म्हणून एका शब्दाने विचारलं नाही. त्या तीन दिवसांतला माझा बाप मी अजून जपून ठेवला आहे, कारण त्यानंतरच्या बापाचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

आता कानबाईचं सांगायला हवं. खानदेशाबाहेरच्या वाचकाला ती माहीत नसते. श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघर कानबाई बसते. ती म्हणजे नारळ. आमचा नारळ पिढ्यान्‌पिढ्यांचा, आत खडखड वाळलेला. त्याला मेणाने चांदीचे डोळे बसवायचे, नथ घालायची, लाल खण नेसवायचा आणि पाटावर बसवून रात्र जागवायची. सोमवारी वाजतगाजत नदीवर न्यायचं. आमच्याकडे घरातला कर्ता पुरुष कमरेइतक्या पाण्यात उतरून पाटासकट तिला बुडी देतो आणि नारळ परत घरी येतो. तो हरवला तर सगळ्या भाऊबंदांचं घराणं बुडालं असं समजतात. नैवेद्याला रोट, म्हणजे गव्हाच्या जाड पोळ्या, असतात, आणि त्या रोटांचे गहू घरातल्या पुरुषांच्या नावाने घ्यायचे, प्रत्येकाच्या नावाने सव्वा मूठ. अक्का सुपात गहू घ्यायच्या आणि मोठ्याने नावं घ्यायच्या. आबा, सव्वा मूठ. दिलीप, सव्वा मूठ. काका, काकांची पोरं, पाळण्यातला तान्हासुद्धा. लहानपणी मी एकदा विचारलं होतं, माझी मूठ कुठे आहे. सगळ्या बायका खळखळून हसल्या होत्या. माझी मायही हसली होती.

त्या वर्षी आबांनी कानबाईला नवा पाट केला. जुना उंदरांनी कुरतडला होता. माझ्या फळीवर जो हात बसला होता तोच त्यांनी पाटावर चालवला. साग, गोल कडा, आणि जवसाचं तेल थरावर थर. भाऊबंद पाटावरून हात फिरवायचे आणि म्हणायचे, आरसा शे आरसा. आबा वरून नको नको म्हणत होते, पण चेहरा फुलला होता. आणि नेमकी मी त्या शनिवारी दूर बसले. पाळीचे दिवस मुलीने मागच्या पडवीत काढायचे, कशाला शिवायचं नाही. कानबाई असली तर तिच्या नजरेलाही पडायचं नाही. रविवारची रात्र मी गोधडीत पडून गाणी ऐकली, पुरणाचा वास घेतला. सोमवारी सकाळी सगळं गाव डफ वाजवत नदीकडे निघालं. घर रिकामं झालं. मला कोणी काम सांगणार नव्हतं, कोणी हाक मारणार नव्हतं. धरणाचं पाणी दोन दिवसांपासून सुटलेलं होतं. मी दिलीपचे कपडे चढवले, लाकडांमागून फळी काढली आणि कपाशीच्या वावरांतून वळणापलीकडे गेले.

घोडे त्या दिवशी असे उठले होते की तसे पुन्हा मी पाहिले नाहीत. मी तिसऱ्यावर स्थिर झाले होते. लांबून डफ ऐकू येत होता. मग तो थांबला आणि बायकांचा एकच आकांत ऐकू आला. मला वाटलं कोणी बुडालं. वर पाहिलं तर वळणावरून काहीतरी लाल डुचमळत येत होतं. ते मूलच आहे असं मला वाटलं. ते जवळ आलं, एकदा फिरलं, आणि चांदीचे दोन डोळे माझ्याकडे बघत होते. काय झालं असेल ते मला तिथल्या तिथे कळलं. आबांनी बुडी दिली, पाट कलला, आणि त्या आरशासारख्या पाटावरून कानबाई घसरली. मी हात लांबवला, तर ती घोड्याच्या पोटाखाली गेली आणि माझ्या मागे निघाली. मी फळी वळवली आणि तिच्यामागे सुटले. उरलेले घोडे मी उलट्या तोंडाने कसे उतरले ते सांगता येणार नाही, दोनदा पाणी प्यायले, एकदा फळी हनुवटीवर आदळली. ती खूण अजून आहे, मुलगी विचारते तेव्हा मी सायकलवरून पडले होते असं सांगते. खाली, पाणी जिथे जरा मंद होतं तिथे खणाचं टोक हाती लागलं. नारळ छातीखाली दाबून मी काठाला आले.

आधी दिलीप धावत आला, मग आबा. बाकीचे पुरुष भोयांना उठवायला, त्यांची होडी काढायला वरच्या अंगाला पळाले होते. आबांचं धोतर पायांत गुंडाळलं होतं आणि ते रडत होते. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. मी नारळ पुढे केला. एक डोळा गेला होता, बाकी सगळं जागच्या जागी होतं. मला वाटलं, आता हे मला जवळ घेतील. आबांनी नारळ कपाळाला लावला, माझ्या अंगावरच्या कपड्यांकडे पाहिलं, बाभळींपलीकडे पाहिलं आणि विचारलं, "कोन्ही दखं का तुले?"

"नही, आबा."

ते दिलीपकडे वळले. "पानीमा उतर."

"मी?" दिलीपचे ओठ पांढरे झाले होते.

"उतर म्हनस ना. डोकं बुडाव."

मला क्षणभर काही समजेना. मी म्हणाले, "आबा, मी दूर बठेल शे." म्हणजे मला वाटलं की त्यांना ते आठवत नसेल आणि सांगायला हवं. आबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "मले माहीत शे. म्हनीसनच सांगस. तू खालतीना वावरमाईन घर जाय. आणि पोरी, कोनले बोलू नको." काठाशी गुडघाभर पाण्यात दिलीप थरथरत बसला, आबांनी त्याच्या मानेवर हात ठेवला आणि त्याला खाली दाबलं. एकदा, दोनदा. मग नारळ त्याच्या हातात दिला. मी झाडामागून पाहत होते. माझा भाऊ ओल्या केसांनी पुढे चालला होता आणि माझे वडील त्याच्या मागे.

मी घरी पोचण्याआधी गावभर झालं होतं. दिलीपने उडी मारली, दिलीपने कानबाई आणली. कमाल म्हणजे पलीकडच्या काठावरून एका भोयाने पाहिलंही होतं. फळीवर पालथा पडून शर्ट-चड्डीतला पोरगा गिरणेवरून जाताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिला, असं तो शपथेवर सांगत होता. अक्कांनी दिलीपची दृष्ट काढली आणि छाती बडवत म्हणाल्या, "आंडोर व्हावा ते असा! बठ्ठी भाऊबंदकीनी लाज राखी पोऱ्यानी." आंडोर म्हणजे मुलगा. मी पडवीत ओले केस गोधडीने पुसत ऐकत होते. संध्याकाळी माय माझं ताट सरकवायला आली. तिने माझ्या केसांकडे पाहिलं, हनुवटीकडे पाहिलं, आणि खाली बसली. भाकरीखाली तिने रोटाचा तुकडा लपवून आणला होता. दूर बसलेलीने तो खायचा नसतो. "खाई ले," ती म्हणाली. "कोनले सांगू नको." त्या घरात मला जे काही दिलं गेलं ते या अटीवर.

पण मी खरी तुटले ती दुसऱ्या दिवशी. नवा पाट नदीत गेला होता, आणि गेला ते बरंच झालं असं अक्कांचं म्हणणं. तो तेलकट पाट अपशकुनी होता. देवीला खडबडीत, साधा पाट हवा आणि तो आजच्या आज हवा, नारळ जमिनीवर ठेवता येणार नाही. मी पडवीत बसले होते. ओसरीतून करवतीचा आवाज आला. सागाचा. मला आवाजावरूनच कळलं की कोणता साग आहे. ती फळी मी काठावर टाकून आले होते, आबा ती पहाटे जाऊन घेऊन आले होते. मी शिवाशिव विसरून ओसरीच्या उंबऱ्यापर्यंत गेले. फळीचे दोन तुकडे झाले होते. वळवलेलं नाक असलेला तुकडा आबांच्या पायाखाली होता आणि ते वाकसाने त्याची तेल प्यायलेली पाठ तासत होते, खरखरीत करत होते, म्हणजे पुन्हा काही घसरू नये. मी म्हणाले, "आबा, मनी फळी." ते थांबले नाहीत. "देवीना कामले गयी, पोरी," ते म्हणाले. दुसऱ्या तुकड्यावर अक्कांच्या अंघोळीचं पाणी तापलं.

आबा वाईट नव्हते, हे मी इतक्यांदा स्वतःला सांगितलं आहे की आता ते खरं की सवय, हे मला कळत नाही. चूक त्यांची होती, पाट त्यांचा होता, आणि विटाळशी पोरीने देवीला शिवलं हे बाहेर पडलं असतं तर बाटलेला नारळ टाकावा लागला असता आणि त्यांची अब्रूही गेली असती. हे सगळं मला समजतं. पण दिलीपच्या मानेवर त्यांनी जो हात ठेवला तो एकदा माझ्या डोक्यावर ठेवायला काय हरकत होती? कोणी बघत नव्हतं. दिलीपचं मात्र भलं झालं. पट्टीचा पोहणारा म्हणून त्याचं नाव पंचक्रोशीत गेलं. पोरं पोहायला बोलवायची तेव्हा तो गंभीर चेहरा करून सांगायचा, कानबाईला शब्द दिला आहे, पुन्हा नदीत उतरणार नाही. लोक त्याच्या भक्तीनेही भारावून जायचे. मी अकरावी झाले आणि धुळ्याला लग्न करून गेले. पांझरेला पूर आला की पुलावर माणसं गर्दी करून बघतात. मीही भाजीची पिशवी घेऊन उभी राहायची. फरशी-पुलाच्या खालच्या अंगाला घोडे उठलेले दिसायचे, कोणता किती वेळ टिकेल हे मला सांगता आलं असतं. रिक्षावाला घाई करायचा आणि मी घरी यायची.

चेन्नईहून परतल्यावर मी ठरवलं की आता बास. आबा गेले, अक्का गेल्या, माय गेली. दिलीप जळगावला मोठ्या इमारतीत राहतो, नातवंडं त्याला नाना म्हणतात. या श्रावणात मी मुलीलाही पहिल्यांदाच दिलीपकडे कानबाईला घेऊन गेले. गिरणेवर आता कोणी जात नाही. वाळू ट्रॅक्टरने उपसून नेली, पात्रात खड्डे आणि झुडपं राहिली आहेत, आणि वाळू गेली तसे घोडेही गेले. विसर्जन इमारतीच्या आवारात, प्लॅस्टिकच्या टबात होतं. सकाळी दिलीपच्या सुनेने पाट माझ्या हातात दिला, आत्या, जरा पुसून द्या म्हणाली. मी तो उलटा केला. खालच्या अंगाला एका कडेला ते वळण अजून आहे, आणि वळणाच्या आत, आबांच्या हाताला चुकून राहिलेले, माझ्या रंध्याचे वाकडे ओरखडे. मी पाट पोटाशी धरून उभी होते तेव्हा दिलीप स्वयंपाकघरात आला. मी म्हणाले, "आज तू सांग. माझ्या लेकीसमोर सांग."

त्याने दाराकडे पाहिलं. "आते कसाले उकरी काढस, मंदे? नातू शेतस घरमा."

"माझंही लेकरू आहे घरात."

त्याने स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. मग हळूच म्हणाला, "मले आजून पोहता येत नही." मी म्हणाले, ते मला ठाऊक आहे. त्याने मान हलवली. "सांगसु," तो म्हणाला, आणि मी त्याच्यावर विश्वास ठेवला.

आवारात सगळे जमले. नातवंडांनी नेहमीसारखा हट्ट धरला, नाना, गोष्ट सांगा. दिलीपने सुरुवात केली. बंधारा, पूर, आबांच्या हातून घसरलेला नारळ. वळणाशी आल्यावर तो थांबला आणि त्याने माझ्याकडे पाहिलं.  मग तो म्हणाला, "आणि मी उडी मारली." माझी मुलगी डोळे मोठे करून ऐकत होती. ती माझ्या कानाशी आली आणि कुजबुजली, "आई, तुमच्या नदीला अशा लाटा होत्या? मामा त्यांच्यावरून गेला होता? आणि तू मला कधी सांगितलंसुद्धा नाहीस!"

मी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात दिलीपच्या मुलाने टबात बुडी दिली आणि पाट कलला. नारळ गुडघाभर पाण्यात पडून तरंगू लागला, चांदीचा एक डोळा आणि नंतर बसवलेला दुसरा, दोन्ही आभाळाकडे. "नाना, तुम्हीच काढा! नानाच काढणार!" पोरं नाचायला लागली. दिलीप वाकला, त्याने कोपरापर्यंत हात भिजवून नारळ उचलला आणि वर धरला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझी मुलगी सर्वांत जोरात वाजवत होती, आणि तिने वळून माझ्याकडे पाहिलं. दिलीपच्या मुलाने रिकामा पाट माझ्या हातात दिला होता; मी तो काखेत धरला, दोन्ही हात मोकळे केले आणि टाळ्या वाजवल्या.